माणूस आलाच आहे तर

सकाळची ड्युटी संपवून घरी आले, मागचं दार उघडलं, तर अंगणाच्या बरोबर मधोमध एक चर खणलेला. बॅडमिंटन कोर्टासाठी जमीन सपाट करून, खडी पसरून, वर रोलर फिरवून झालेला होता, म्हणजे आता खणण्यासारखं काही उरलेलं नव्हतं, एवढं मलाही कळत होतं. नेटच्या खांबांना दोन खड्डे लागतात, एक या कडेला, एक त्या कडेला. हा खड्डा नव्हता. पलीकडच्या कुंपणापासून निघून सरळ घराच्या भिंतीला येऊन टेकलेला गुडघाभर खोल चर होता आणि त्याच्या तळाशी दगड नीट बसवून वर काँक्रीट ओतायची तयारी चालली होती. कोर्टवाला काठावर उकिडवा बसून चहा पीत होता. आमच्याच कपात. "हे काय?" मी विचारलं. "पाया," तो म्हणाला. "बॅडमिंटनला पाया लागतो?" "बॅडमिंटनला कशाला लागतोय? भिंतीला. दोघा साहेबांनी सांगितलंय, आत्ताच घालून ठेवा, म्हणजे पुढेमागे भिंत उचलायची झाली तर कोर्ट फोडायला नको. डोकं चालवलंय बरं का दोघांनी. नाहीतर लोक आधी सगळं गुळगुळीत करून घेतात आणि मग फोडत बसतात." कप माझ्या हातात देऊन तो उठला. मी तो रिकामा कप धरून चराच्या टोकाशी उभी राहिले आणि मान वर केली. चर जिथे भिंतीला टेकला होता तिथे, बरोबर त्याच्या डोक्यावर, माझ्या खोलीची खिडकी होती. खिडकीत मी सकाळी वाळत टाकलेला टॉवेल होता.

चर भिंतीशी थांबला होता, पण मला तो पुढे भिंतीतून आत जाताना दिसला. माझ्या खोलीतून, पलंगाच्या मधून, तिथून जिन्याच्या पायथ्याशी, मग स्वयंपाकघराच्या दोन शेगड्यांमधून थेट पुढच्या दारापर्यंत. आमचं घर असं आहे, जसं शिंप्याने कापड पसरून मधोमध खडूची रेघ मारलेली. डावीकडच्या खोल्या दादाच्या, उजवीकडच्या बारक्याच्या. मधे जिना, स्वयंपाकघर आणि सर्वांत मागे मी. दादा माझा मोठा भाऊ, बारक्या धाकटा; त्याच्यामुळे मी दादालाही ताईच. बारक्या आता चांगला पोट सुटलेला, दोन मुलांचा बाप आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं. मी लग्न केलं नाही. केलं नाही म्हणजे ते राहून गेलं, जसं बागेत कोपऱ्यात काहीतरी लावायचं राहून जातं. त्याचं मला आता फारसं काही वाटत नाही. माझी खोली आहे, खिडकी आहे, इस्पितळातली नोकरी आहे. खोली दोघांच्या मधे असल्याने दोन्हीकडचे आवाज मला येतात, दादाचं खोकणं एका कानाने आणि बारक्याचं घोरणं दुसऱ्या कानाने, आणि इतकी वर्षं मी हे घर एकच आहे असं समजत आले ते बहुधा त्यामुळेच.

बाबांचं एक पालुपद होतं, माणूस आलाच आहे तर. नळ दुरुस्त करायला माणूस आला की बाबा त्याला म्हणायचे, आलाच आहात तर तेवढी खिडकीची कडीही बघा. तो बिचारा प्लंबर, त्याला कडीतलं काय कळणार, पण तो बघायचा. विजेचं काम करणाऱ्याकडून त्यांनी झाडाची फांदी तोडून घेतली होती. रंगाऱ्याकडून घड्याळाला चावी. एका माणसाला दोनदा बोलावणं हा बाबांच्या लेखी गुन्हा होता. आई गेली त्या सकाळी डॉक्टर आले, त्यांनी तिचा हात हातात घेतला, ठेवला, मान हलवली. बाबांनी शर्टाची बाही वर सारून स्वतःचा दंड पुढे केला. "आलाच आहात तर माझंही ब्लडप्रेशर बघून टाका." डॉक्टरांनी पाहिलं. थोडं वाढलेलं होतं. आम्ही तिघं भावंडं दारात उभी होतो आणि बारक्याला हसू आलं, त्याला पाहून दादाला आणि मग मला, आणि हसता हसता आम्ही एकमेकांचे खांदे धरून रडलो. तिघांनी मिळून केलेली ती शेवटची गोष्ट असावी. बाबा गेले तेव्हा आम्ही वेगवेगळे रडलो.

बाबांना मोजमापाचाही नाद होता. कपाट हलवायचं म्हटलं की टेप निघायची, आणि टेप निघाली की हाक मला. "टोक धर." मुलगे तोवर पसार झालेले असायचे. मी टेपचं टोक भिंतीशी दाबून धरायची आणि बाबा पलीकडे जाऊन आकडा वाचायचे. आकडा मला कधी दिसायचा नाही, तो दुसऱ्या टोकाला असतो. पण मला ते काम आवडायचं. टेप ताणली की बोटाला हलकी ओढ लागायची आणि घर आपण धरून ठेवलंय असं वाटायचं. तसंच खेळाचं. याच अंगणात कपड्यांची दोरी हे नेट, इकडे दादा, तिकडे बारक्या आणि दोरीच्या टोकाला उलट्या बादलीवर मी, पंच. मला खेळायला कुणी नाही म्हटलं नव्हतं. पण दोघांनाही मी समोर नको असायची, कारण माझ्याशी जिंकण्यात काही गंमत नव्हती. आणि मी पंच असले की भांडण व्हायचं नाही. मी सांगेन ते दोघं ऐकायचे. खरं तर मला शटलचं फूल कुठे पडलं ते पुष्कळदा दिसायचं नाही, मी ज्याचा चेहरा जास्त पडलेला त्याला पॉइंट द्यायची. शेवटी गुण सारखेच व्हायचे आणि आई आत बोलवायची.

बाबांच्या पश्चात दोघांचं बिनसलं ते कशावरून, तर जिन्यातल्या दिव्यावरून. तो जळत कोण ठेवतं. एका संध्याकाळी दादा म्हणाला, लोकांना घरात राहायचं तर घराची रीत पाळावी. बारक्या म्हणाला, लोक म्हणजे कोण? झालं. भांड्याला भांडं लागतं, आवाज होतो आणि मग थांबतो, असं मला वाटलं. आवाज थांबला, पण त्याबरोबर बोलणंही थांबलं. जिन्यात समोरासमोर आले तर एकजण कठड्याला चिकटायचा आणि दुसरा भिंतीला. मग सुरू झाले निरोप. "ताई, त्याला सांग, टाकी साफ करायला माणूस येणार आहे." "त्याला म्हणावं, येऊ दे." दोघं एकाच टेबलाशी, मधे मी, आणि मी खरोखरच डावीकडे मान वळवून उजवीकडचं वाक्य सांगायची. सुरुवातीला वहिनीला हसू यायचं. धाकटीला, म्हणजे बारक्याच्या बायकोला, ते कधी विनोदी वाटलं नाही. पुढेपुढे कुणालाच काही वाटेनासं झालं. मी निरोप जरा मऊ करून द्यायची. दादाचं "मला काय विचारतोस" माझ्या तोंडून "तुला योग्य वाटेल तसं कर" होऊन निघायचं. दोघांनाही ते कळत असणार. कारण कधीकधी दादा बोलून झाल्यावर माझ्याकडे बघत थांबायचा, मी आता त्याचं काय करते ते ऐकायला.

कोर्टाची कल्पना माझीच. हे मला सांगायलाच हवं, नाहीतर मी कुणावर चिडले असं वाटेल. अंगण नुसतं गवत माजून पडलं होतं. मुलं आपापल्या खोलीत, मोठे आपापल्या बाजूला. मी एका सकाळी दोघांच्या मधे बसून म्हटलं, मागे एक चांगलं बॅडमिंटन कोर्ट करून घेऊ या. पक्कं, रेघा आखलेलं, खरं नेट. मला वाटलं होतं यावर आठवडाभर निरोप चालतील. दादा म्हणाला, "चांगलंय." बारक्या म्हणाला, "करू की." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही, पण एकाच वेळी चहाचा कप उचलला. मी त्या दिवशी इस्पितळात उगाच सगळ्यांशी गोड बोलले. रंगाचा प्रश्न आला तेव्हा दादाला हिरवा हवा होता, बारक्याला निळा. मग ठरलं, अर्धं कोर्ट हिरवं, अर्धं निळं. मला ते किती गोड वाटलं होतं. लहानपणी असंच व्हायचं, एका पाटीवर दोघांची दोन चित्रं. मी वहिनीलाही म्हटलं, बघ, कसा मार्ग निघाला. वहिनी "हं" म्हणाली आणि भाजी चिरत राहिली. तिला तेव्हाच ठाऊक होतं की काय, कोण जाणे. काखेत कळसा असतो आणि आपण गावाला वळसा घालत असतो.

मोजमाप झालं त्या दिवशी मी ड्युटीवर होते. कोर्ट उभं यायचं होतं, म्हणजे एक बाजू घराकडे आणि एक कुंपणाकडे, नेट घराला समांतर. तसं ते मावलं असतं, मी स्वतः पावलं टाकून पाहिलं होतं. पण मी परतले तेव्हा चुन्याच्या रेघा आडव्या पडल्या होत्या. "उन्हाचा त्रास होतो उभ्याला," दादा म्हणाला. मी मान डोलावली. आता चराच्या काठावर उभं राहून मला तो दिवस दिसायला लागला, मी तिथे नसतानाही. टेपला दोन टोकं असतात आणि टोक धरणारी घरात नव्हती. कोर्टवाल्याने एक टोक दादाच्या हातात दिलं असेल आणि दुसरं बारक्याच्या. टेप ताणली असेल. एकाने म्हटलं असेल, "किती?" आणि दुसऱ्याने आकडा सांगितला असेल. तिथून पुढे काय कठीण होतं? आकड्यात राग नसतो. मग कोर्ट फिरवलं असेल, मग कुणीतरी सहज म्हटलं असेल, नेट तर बरोबर मधोमध येतंय. आणि मग, बाबांचेच मुलगे ते, माणूस आलाच आहे तर.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात छातीचा एक्स-रे काढायला एक म्हातारे गृहस्थ आले. मी त्यांचे खांदे धरून पुढे ढकलले, हनुवटी टेकवली, काचेच्या मागे गेले. "श्वास घ्या. रोखून धरा." बटण दाबलं. आणि मग पुढचं वाक्य माझ्या तोंडून निघालंच नाही. दिवसातून शेकडो वेळा म्हणते ते, "सोडा." मी काचेतून त्यांच्या पाठीकडे बघत होते, मणक्याच्या मण्यांकडे, आणि विचार करत होते, की आपण लोकांच्या आतलं बघण्याचा पगार घेतो आणि घरात तडा गेलेला समजत नाही. पण तेही खरं नव्हतं. तडा मला दिसतच होता, रोज मी त्याच्यावर निरोपांची पट्टी बांधत होते. मला दिसलं नव्हतं ते वेगळंच. हाड आपलं आपण जुळत होतं, आणि वाकडं जुळत होतं. म्हातारबाबा लालबुंद झाले होते. "सोडायचा का?" त्यांनी आवंढा गिळत विचारलं. मी म्हटलं, "सोडा, सोडा," आणि त्यांची माफी मागितली. ते समजूतदारपणे हसले. तुम्हीही दमत असाल, म्हणाले.

संध्याकाळी दादाला विचारलं. तो नव्या रॅकेटच्या मुठीला पट्टी गुंडाळत बसला होता. म्हटलं, दादा, भिंत बांधणार आहात? तो पट्टी गुंडाळत राहिला. "अगं, भिंत कोण आत्ता बांधतंय? नुसता पाया घालून ठेवलाय. माणूस आलाच होता." "आणि माझी खोली?" "तुझं काय? तू दोन्हीकडे आपलीच आहेस." तो मनापासून बोलत होता, तेच तर वाईट होतं. "खोलीचं बघू गं. त्या खोलीत तसंही दमट असतं." मी जिना ओलांडून बारक्याकडे गेले. तो मुलाच्या बुटांचे बंद ओवत होता. मी विचारायच्या आधीच तो हसला, लहानपणी बरणीत हात सापडल्यावर हसायचा तसा. "ताई, भिंत कुठे बांधतोय आम्ही लगेच? पाया घालून ठेवलाय फक्त. माणूस आलाच होता ना." वाक्य तेच. दिव्याच्या दिवसापासून आजवर एकाचं वाक्य दुसऱ्याकडे माझ्या हातून गेल्याशिवाय गेलं नव्हतं, आणि हे वाक्य माझ्याशिवाय दोघांकडे होतं. मला घराच्या दोन वाटण्या होण्याचं दुःख व्हायला हवं होतं. त्या क्षणी झालं ते दुःख वेगळं आणि जरा हलकं होतं. ते दोघं बोलले आणि मी तिथे नव्हते, याचं. आपण ज्यासाठी इतकं झुरलो तेच घडावं आणि आपल्याला हेवा वाटावा, हे काही बरं नव्हे, पण वाटला. दिव्याखाली मी थोडा वेळ जिन्यात उभी राहिले. आता तो दिवा जळत ठेवला तरी कुणी काही म्हणत नव्हतं.

पायावर काँक्रीट पडलं, त्यावर खडी परत बसली, मग गुळगुळीत थर, मग रंग. रंगाचा वास आठवडाभर खोलीत होता, जिभेवर उतरायचा, चहा त्याच चवीचा लागायचा. खिडकी लावून घेतली तरी यायचा. रंग वाळल्यावर पांढऱ्या रेघा आल्या आणि शेवटी नेट. चर कुठे होता हे कुणाला दाखवता आलं नसतं. मी अनवाणी चालून पाहिलं. हिरव्यातून निळ्यात जाताना पायाला काहीच लागत नव्हतं, सगळं सारखंच थंड आणि किंचित खरखरीत. तरी रात्री पाठ टेकली की मला तो पाया पलंगाखाली आलेला वाटायचा, आणि मी कुशीवर वळायचं म्हटलं की आधी कुठल्या बाजूला वळू याचा विचार करायची.

आणि ते खेळायला लागले. तसं खेळताना मी त्यांना लहानपणीही पाहिलं नव्हतं. दादा खोकतो, तरी नेटजवळ येऊन हलक्या हाताने फूल टाकतो. बारक्या पोट सांभाळत धावतो, पोहोचत नाही आणि स्वतःलाच शिव्या घालतो. दोघं हसतात. "म्हातारा झालास." "तू आरशात बघ आधी." वहिनी आणि धाकटी आपापल्या दारात उभ्या राहून बघतात, दादाची मुलगी टाळ्या वाजवते, बारक्याची मुलं फूल आणायला पळतात. शेजारचा कुंपणावरून म्हणाला, काय सुंदर कुटुंब आहे हो तुमचं. मला खुर्ची ठेवली होती, नेटच्या टोकाशी, माझ्या खिडकीखाली. पंच. खुर्चीचे दोन पाय हिरव्यात, दोन निळ्यात. मी गुण सांगायची आणि कुणी वाद घालायचं नाही. आता मला फूल कुठे पडतं ते स्पष्ट दिसत होतं. चेहरेच कुणाचे पडत नव्हते, त्यामुळे मला कुणाला काही द्यायचं उरलं नव्हतं. त्यांच्यात भांडायला काही उरलंच नव्हतं. ज्याचं काय ते ठरलं होतं, आणि व्यवहार ठरलेल्या माणसांसारखे ते दोघं मोकळे झाले होते. घर एक राहावं म्हणून मी जे मागितलं त्यानेच ते दोन झालं, आणि ते दोन झालं म्हणूनच हे हसणं. यातलं एक ठेवून दुसरं टाकता येईल अशी काही युक्ती मी पुष्कळ शोधली. सापडली नाही.

एक गोष्ट मात्र राहिली होती आणि ती मला समजायला थोडा वेळ लागला. खेळ थांबला, पाणी प्यायला दोघं थांबले, की आधी एकाची नजर माझ्या डोक्यावरून वर जायची, मग दुसऱ्याची. खिडकीकडे. मी बघितलं की ते रॅकेटच्या तारा सरळ करायला लागायचे. एकदा दादा "ताई" म्हणाला, मी "काय" म्हटलं, आणि तो म्हणाला, "काही नाही, पाणी गार आहे छान." बारक्या माझ्या खोलीच्या दारापर्यंत येऊन जायचा, पंखा नीट चालतो ना विचारायचा. भिंत उचलायची तर खिडकी बुजवायला हवी. खिडकी बुजवायची तर मला सांगायला हवं. ताकाला जाऊन भांडं लपवत होते दोघं, आणि मला राग येण्याऐवजी त्यांची कीव यायला लागली. इतके दिवस या घरात कुणाला काही अवघड सांगायचं म्हणजे माझ्याकरवी सांगायचं. आता मलाच सांगायचं होतं. निरोप्याला निरोप कोण देणार?

कोर्टवाला परत आला तो बारक्याच्या निळ्या अर्ध्यात वरचा थर सुटून एक फुगा आला होता म्हणून. रविवारची सकाळ होती, ऊन कोवळं होतं, खेळ चालू होता. त्याने फुग्याभोवती टेपने माप घेतलं, तेवढा तुकडा कापला, मसाला भरला, वर रंग मारला. दोघं हिरव्या बाजूने त्याची गंमत बघत उभे राहिले, मग तो म्हणाला, इथे पाय देऊ नका, बाकी खेळा. ते पुन्हा खेळायला लागले. तो टेप गुंडाळत माझ्या खुर्चीजवळ आला. "बाई, छान बसतोय खेळ. येतो." त्याच्या हातातल्या टेपकडे माझं लक्ष होतं. पिवळी, कडा झिजलेली. बाबांचीही पिवळी होती. मला वाटलं, दुसरं कुणी सांगणार नाही. कुणालाच ते जमणार नाही, आणि ते दोघं असेच वर बघत आणि खाली बघत राहतील, त्यांचं हसणं हळूहळू आटेल, पुन्हा जिन्यात एकजण कठड्याला आणि एकजण भिंतीला चिकटेल. आणि खरं सांगायचं तर मला आणखी एक वाटलं. वाटलं, मी मोठ्याने म्हटलं तर दोघांतला एकजण तरी म्हणेल, राहू दे गं.

"अहो," मी जरा मोठ्याने म्हटलं, "आलाच आहात तर माझ्या खिडकीचंही माप घेऊन टाका. बुजवायची आहे ना."

फूल नेटला लागून खाली पडलं. कोर्टवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मग दोघांकडे. दादा हिरव्यात उभा होता, बारक्या निळ्यात. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे, आणि मी थांबले. वाऱ्याने नेट थोडं हललं. वहिनी दारातून आत गेली. मी अजून थांबले असते, पण कोर्टवाला टेप उलगडून पुढे आला होता. "टोक धरता का?" तो म्हणाला. मी खुर्चीवर चढले आणि खिडकीच्या चौकटीच्या कोपऱ्यात टेपचं टोक अंगठ्याने दाबून धरलं. टेप ताणली गेली आणि बोटाला ती जुनी ओळखीची ओढ लागली. त्याने आकडा वाचला, मग उंचीचं माप घेतलं, तोही वाचला. दोन्ही आकडे माझ्या लक्षात राहिले नाहीत. मागून बारक्याने घसा साफ केला. "सर्व्हिस कुणाची होती गं, ताई?"

"दादाची," मी म्हटलं.

दादाने वाकून फूल उचललं.